जायचे आणि जायचंय

लाल पेनाची एक आडवी रेघ गेले पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पावसानंतर नव्याने केलेलं खळं अजून ओलसर होतं, शेणाचा आणि मातीचा मिसळलेला वास पडवीपर्यंत येत होता. शेजारच्या घरातला मुलगा वही घेऊन आला. त्याचा हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स झालाय आणि आता क्रूझवरच्या नोकरीसाठी मुंबईला मुलाखत आहे. घरच्यांविषयी हमखास विचारतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याने दहा ओळी लिहून आणल्या होत्या. तिसरी ओळ होती, ‘माय फादर इज यूज्ड टू गो टू द सी.’ बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं की हात डोक्याच्या आधी चालतो. मी ‘इज’वर रेघ मारली आणि वही परत दिली. त्याने वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. मग विचारलं, “बाई, आता याचा अर्थ काय झाला?” मी सांगितलं, “माझे वडील पूर्वी समुद्रावर जायचे. आता जात नाहीत.” तो जरा थांबला. गडग्यापलीकडे, म्हणजे आमच्या दोन घरांमधल्या दगडी कुंपणापलीकडे, त्याचे बाबा पायरीवर बसून जाळं शिवत होते, पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून, मान खाली घालून. त्यांच्याकडे एकदा बघून मुलगा हळूच म्हणाला, “पण ते जातत, बाई.” आणि वही मिटून निघून गेला.

त्याच्या बाबांनी होडी विकली त्याला चार वर्षं झाली. गुडघे गेले, मासळी कमी झाली, डिझेलचा खर्च परवडेना, शेवटी इंजिन बिघडलं आणि मग ती दुरुस्त करून घेण्यापेक्षा विकलेली बरी असं घरात ठरलं. म्हणजे व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर माझी दुरुस्ती चोख होती. पण हा माणूस अजूनही रोज पहाटे साडेचारला उठतो. बेड्याचा, म्हणजे आवाराच्या फाटकाचा, आवाज होतो तो मला अंथरुणात ऐकू येतो. त्या वेळेला मतलई वारा सुटलेला असतो, जमिनीकडून पाण्याकडे जाणारा, गार, त्याला काजूच्या पाचोळ्याचा वास असतो. ते किनाऱ्यावर जातात, पाण्याचा रंग बघतात, पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते बघतात. एखाद्या दिवशी रापण टाकलेली असली तर दोराला हात लावतात. रापणीला माणसं लागतातच. एक होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत जाते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि मग तीस-चाळीस जण दोन रांगांत उभे राहून, टाचा वाळूत रुतवून, तासन् तास ओढत राहतात. जाळं जवळ येतं तशी आतली पेडवे माशांची चांदी उसळायला लागते. पूर्वी ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे, आणि अजूनही ज्याचा हात लागला तो रिकाम्या हाताने परतत नाही. यांच्या गुडघ्यांकडे बघून कुणी नको म्हणालं तर ते शेवटाला, दोराची वेटोळी करायला बसतात. पण जातात.

मग मी नेमकं काय खोडलं?

हा शब्दप्रयोग मी आठवीत शिकले. आमच्या इंग्रजीच्या सरांनी फळ्याचे दोन भाग केले होते. डावीकडे ‘यूज्ड टू’, उजवीकडे ‘पूर्वी करत असे’, आणि त्याच्या पुढे कंसात, खडू दाबून, ‘आता नाही’. आम्ही पन्नास जण एका सुरात म्हणायचो, ‘पूर्वी करत असे, आता नाही’. भाषांतराला वाक्यंही ठरलेली असायची. राजा रोज शिकारीला जात असे. माझे आजोबा तपकीर ओढत असत. एका गावात एक म्हातारी राहत असे. कौलांवर पाऊस वाजत असायचा, ओल्या छत्र्यांचा कुबट वास वर्गभर भरलेला असायचा आणि आम्ही ‘आता नाही, आता नाही’ घोकत असायचो. त्या वयात आता नाही असं काही आमच्याकडे नव्हतंच. आजी होती, विहिरीवरचा रहाट होता, मांगरातली म्हैस होती. मला तो कंस म्हणजे फक्त गुणांचा भाग वाटे. पुढे मी स्वतः फळ्यापुढे उभी राहिले तेव्हा तोच कंस तसाच काढत आले. नियम म्हणून तो बरोबरच आहे. इंग्रजीत ‘यूज्ड टू’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, ते संपलेलं असतं.

उच्चार मात्र मी फार उशिरा शिकले. आम्ही सगळे ‘यूज्ड टू’ म्हणायचो, प्रत्येक अक्षराला मान देऊन. बीएडच्या वेळी एका प्राध्यापिकेने थांबवून सांगितलं की इथे तो ‘झ’ नाही, ‘स’ आहे, आणि ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळून जातो, कानाला येतं ते ‘यूस्टू’ एवढंच. सुरी वापरली म्हणताना ‘यूझ्ड’ आणि पूर्वी जायचे म्हणताना ‘यूस्ट’. लिहायला तेच पण बोलायला वेगळं, एकाच घरातले दोन भाऊ वेगळे राहायला लागल्यासारखं. तेव्हापासून मला प्रश्न पडलेला, की वापरणे या क्रियापदाचा पूर्वी जायचे याच्याशी संबंध काय. शब्दकोशात शोधलं तेव्हा सापडलं की लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाला वापर हा अर्थ होताच, पण रीत, प्रघात हाही होता. आणि ते वाचताना मला आमच्या गावातला एक शब्द एकदम आठवला: वहिवाट.

कोकणात वहिवाट कुणाला शिकवावी लागत नाही. दोन घरांमध्ये गडगा असतो, गडग्याला खिंडार असतं, त्यातून पिढ्यान् पिढ्या कुणीतरी विहिरीवर किंवा देवळात जात असतं. कागदावर काही नसतं. चालून चालून गवत उगवायचं थांबलेलं असतं, एवढाच पुरावा. तीच वहिवाट. ती अडवली म्हणून भावाभावांत तीस-तीस वर्षं दावे चालतात. आमच्या आणि शेजारच्या घरामध्येही अशी एक वाट आहे. माझी आजी त्या वाटेने त्यांच्याकडे विरजण मागायला जायची आणि हा मुलगा त्याच वाटेने वही घेऊन आला. इंग्रजीतला तो शब्द मला तेव्हापासून असा दिसतो: जायची वहिवाट होती. त्यातही एक गोष्ट कळली ती मला फार लागली. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद वर्तमानकाळातही चालत असे. ‘ही यूजेस टू गो’, त्याची जायची रीत आहे, असं लोक लिहीत, बोलत. पुढे वर्तमानकाळातलं ते रूप हळूहळू वापरातून गेलं आणि फक्त भूतकाळातलं उरलं. ज्या शब्दाचा अर्थच रीत, त्याच्याजवळ चालू असलेली रीत सांगायला रूप उरलं नाही. वाट बुजली आणि तिथे वाट होती एवढं सांगणारा शब्द राहिला.

‘वुड’ वापरूनही जुन्या सवयी सांगता येतात, हे मी वर्गात शिकवत असे. आजी पहाटे उठे, चूल पेटवी, गाणं म्हणे, हे सगळं ‘वुड’ने होतं. पण नुसतं असणं सांगायचं असेल, इथे एक पिंपळ होता, आमचं एक घर होतं, तर तिथे ‘वुड’ चालत नाही, ‘यूज्ड टू बी’च लागतं. मुलांना हे पटवून देण्यासाठी मी पत्त्याचं उदाहरण घ्यायची. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याआधी आमच्या प्रत्येक पत्रावर ‘जि. रत्नागिरी’ असायचं. घर तेच, माड तेच, पोस्टमन तोच, पण आम्ही रत्नागिरीत असायचो ते नसायला लागलो. माझ्या वडिलांचा हात पुढे कितीतरी वर्षं ‘र’ काढून मग थांबायचा. काही जुन्या पाकिटांवर तो अर्धवट ‘र’ खोडलेला दिसतो.

आणि बोट. मालवणात आता कुणाला बोट म्हटलं तर स्कूबावाल्यांची किंवा किल्ल्यात नेणारी आठवते. माझ्या पिढीला मुंबईहून येणारी आठवते, भाऊच्या धक्क्यावरून निघून एकेक बंदर घेत येणारी. आमच्याकडे ती धक्क्याला लागत नसे. बाहेर नांगर टाकायची आणि माणसं छोट्या पडाव-होड्यांत उतरायची, वळकट्या, ट्रंका, रडणारी पोरं, चेहरे हिरवेपिवळे झालेल्या बायका. रात्रभर बोट लागलेली असायची सगळ्यांना. बोट लागणं म्हणजे काय ते माझ्या भाचीला समजावून सांगावं लागलं. तिला गाडी लागणं माहीत आहे. तिने बोट ऐकून स्वतःच्या हाताकडे बघितलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली, पण बोटीचं येणं त्याआधीच थांबलं होतं, मधल्या काळात लाल एसटीने रात्रभर घाट उतरत यायचो. नवल याचं की बोट नाही, तरी आई शेवटपर्यंत, रिक्षातून उतरल्यावरसुद्धा, “मला बोट लागली” असंच म्हणायची.

आईचं हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला, कारण मला जे सांगायचंय ते तिच्यापाशीच येऊन अडतं. मराठीत जुनी सवय सांगायला तीन वाटा आहेत. ‘ती येई’ ही कहाणीतली आणि ओवीतली. ‘ती येत असे’ ही पाठ्यपुस्तकातली, व्याकरणात जिला रीतिभूतकाळ म्हणतात ती. आणि ‘ती यायची’ ही घरातली, चुलीपुढची. आम्ही बोलतो ती तिसरी. ‘आम्ही मे महिन्यात जायचो’, ‘फणस फोडायचो’, ‘रात्री खळ्यात झोपायचो’. आता हेच ‘जायचं’ दुसरीकडेही येतं. ‘आम्हाला जायचंय.’ जे होऊन गेलं ते सांगणारं आणि जे अजून व्हायचंय ते सांगणारं रूप, दोन्ही एकाच ‘जाय’ला ‘चा-ची-चं’ लागून होतं. आम्ही जायचो, आम्हाला जायचंय. फरक ‘आम्ही’ आणि ‘आम्हाला’ यांच्यात आणि शेवटच्या एका ‘य’मध्ये. बत्तीस वर्षं भाषा शिकवून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं ते डोंबिवलीला, भावाच्या फ्लॅटमध्ये.

आईची शेवटची दोन वर्षं तिथे गेली. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसे. आई पलंगावर बसून असायची, हातात रुमालाचं टोक, आणि मधूनच बोलायची. “घरी जायचं…” एवढंच. पुढे काही नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, “हो आई, मे महिन्यात जाऊ.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच बोलले. मग मला वाटलं ती आठवण सांगतेय: रविवारी माहेरी जायचं, पाटावर जेवायचं, येताना पदरात कोकमं बांधून आणायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली तेव्हा मी विचारलं, “कुठे जायचीस तू आई, आजोळच्या घरी?” तर डोळे भरून म्हणाली, “अगो, जायचं म्हणतेय मी.” आणि तिसऱ्या दिवशी मला विचारायचाच धीर झाला नाही. तिला स्वतःला तरी त्यातलं कुठलं म्हणायचं होतं, की दोन्ही एकदम, कोण जाणे. इंग्रजीत असती तर तिला निवडावं लागलं असतं. ‘आय यूज्ड टू गो’ म्हण नाहीतर ‘आय वाँट टू गो’ म्हण. मराठीने तिला निवडायला लावलं नाही, आणि मला त्याबद्दल आजही बरं वाटतं. आम्ही तिला मेमध्ये आणलं नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणाले होते. ती श्रावणात गेली.

तर तो मुलगा निघून गेल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मध्यरात्री कधीतरी जे दिसलं त्याने मी उठून बसले. त्याच्या वाक्यातली चूक दोन तऱ्हांनी दुरुस्त होत होती. ‘इज’ काढला तर ‘यूज्ड टू गो’, पूर्वी जायचे. पण ‘इज’ तसाच ठेवून ‘गो’चं ‘गोइंग’ केलं असतं तर ‘इज यूज्ड टू गोइंग’, त्यांना जायची सवय आहे, जाणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. एका रेघेने त्याचा बाप किनाऱ्यावरून घरात आला होता. तीन अक्षरं जोडली असती तर तो तिथेच राहिला असता. या दोन वाक्यांत मुलं दर वर्षी घोळ घालतात. मी दर वर्षी तक्ता करून शिकवत आले: पहिल्यातला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला, म्हणून पुढे साधं क्रियापद, दुसऱ्यातला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा, म्हणून पुढे नाम किंवा ‘इंग’ लावलेलं रूप. ‘आय अॅम यूज्ड टू द हीट’, मला उकाड्याची सवय आहे. हे मी झोपेत सांगेन. पण चूक दोन्हीकडे वळू शकते तेव्हा लिहिणाऱ्याला विचारावं, तुला काय म्हणायचंय, हे मात्र मी केलं नाही. हातात लाल पेन असलं की समोरच्याला काय म्हणायचंय ते आपल्याला कळलेलंच असतं, असं वाटत राहतं. किती वह्यांमध्ये मी असं केलं असेल, किती मुलांच्या आयांना, आज्यांना, आजारी भावंडांना एका रेघेने भूतकाळात पाठवलं असेल, ते आठवूनही सापडणार नाही.

आणि अंगवळणी हा शब्द तरी बघा. सवय ही मनाची, सराव हा हाताचा, पण अंगवळणी पडणं म्हणजे देहालाच त्या कामाचं वळण पडणं. शेजारच्या त्या माणसाचे खांदे दोराला झुकलेले असतात तसेच घरी चहा पिताना झुकलेले असतात. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हाही ते पहाटे उठून दार उघडून उभे राहतात आणि समुद्राचा घोंगावणारा आवाज ऐकतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने मला गडग्यापलीकडून सांगितलं होतं, “होडी इकल्यार महिनोभर जेवले नायत धड. आता झाली सवय.” कशाची सवय झाली, होडी नसण्याची? की होडी नसूनही जाण्याची? त्या बाईंनाही विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेडं वाजलं तेव्हा मी शाल घेऊन त्यांच्या मागे गेले. भरतीची वेळ, पाणी सुरूच्या बनाकडे चढलेलं. चालताना त्यांना बोलायला आवडत नाही हे मला माहीत होतं, तरी विचारलं, “तुम्ही रोज येता, दमत नाही?” ते पाण्याकडे बघत म्हणाले, “नाय इलंय तर दिस सुरू झाल्यासारो वाटणा नाय, बाई.” मग बराच वेळ काहीच नाही. पूर्वेला माडांच्या मागे उजळत होतं. किल्ल्याचा तट काळ्याचा करडा झाला. त्यांनी एकदा वाकून ओल्या वाळूवरची कसलीतरी दोरी उचलली, हातावर वेटोळं केलं, खिशात टाकली. नायलॉनची, दीड-दोन हात लांब, कुणाच्यातरी जाळ्याची तुटलेली. घरी पायरीवर अशा दोऱ्यांचा एक डबा भरलेला आहे. कुठलं जाळं शिवतात ते रोज, हे मला तेव्हा सुचलं. त्यांचं स्वतःचं जाळं तर होडीबरोबरच गेलं.

मुलगा चार दिवसांनी आला. या वेळी मी पेन हातात घेतलंच नाही. दोन्ही वाक्यं त्याला तोंडी सांगितली, दोन्हींचे अर्थ सांगितले आणि विचारलं, “तुला काय म्हणायचंय?” तो बराच वेळ वहीच्या कडेला नखाने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, “माका ह्या म्हणूचा नाय आणि ता पण नाय.” आणि त्याने स्वतःच खाली लिहिलं, ‘माय फादर इज अ फिशरमन.’ ते लिहून झाल्यावर डोकं वर करून माझ्याकडे बघितलं, चूक शोधतेय का ते बघायला. चूक नव्हती. मी तसं सांगितलं.

मग त्याचं त्यालाच आठवलं. “बाई, ते विचारतले, आठ-आठ महिने घरापासून लांब ऱ्हवतलंस काय. तेव्हा काय म्हणू?” मी म्हटलं, सवय होईल म्हण. ‘आय विल गेट यूस्टू इट.’ मी उच्चार फोड करून दाखवला, ‘झ’ नाही ‘स’, ‘ड’ म्हणायचाच नाही. त्याने दोन-तीनदा म्हणून बघितलं. ‘गेट यूस्टू इट. गेट यूस्टू इट.’ तिसऱ्यांदा छान जमलं. पलीकडच्या पायरीवर जाळ्यातली सुई थांबली होती, की तो माझा भास, सांगता येत नाही. तिन्हीसांज झाली होती आणि तिकडचा दिवा अजून लावलेला नव्हता. त्याच्या आईने गडग्यावरून वाटी पुढे केली, तव्यावरचे चार पेडवे, वर केळीचं पान. रापणीचे, सकाळी मिळालेले.

त्याने वही शर्टात घातली, चपला पायात सरकवल्या आणि खिंडारातून पलीकडे जाता जाता मागे वळून म्हणाला, “येतंय हां, बाई.”